चिऊताईची काळी बाजू सुरांतून कशी काढायची

"चिऊताई चिऊताई दार उघड." "थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते."

ही गोष्ट आपण सगळ्यांनी वरणभात खाता खाता ऐकलीये. चिऊ गुणी, मायाळू, हे डोक्यात इतकं फिट बसलेलं असतं की शेणाचं घर वाहून गेलेला काऊ बाहेर कुडकुडतोय आणि ही आतून एकेक कारणं देतेय, आता तीट लावते, आता झोपवते, हे किती भयंकर आहे ते लक्षातच येत नाही. मला ते मुलीला गोष्ट सांगताना एकदम अंगावर आलं आणि त्याच रात्री पेटी घेऊन बसले. कसं केलं ते सांगते, दुसरं कुठलंही गोड कॅरेक्टर घेतलंत तरी चालेल.

आधी पेटी उघडायचीच नाही. काळी बाजू बाहेरून आणून चिकटवली तर ऐकणारा म्हणणार ही आमची चिऊच नाही, म्हणून तिचा जो चांगुलपणा आहे तोच कुठे जाऊन कुणाला टोचतो ते शोधा. चिऊचा सगळा जीव बाळात, म्हणून दार बंद. एवढं एक वाक्य कागदावर लिहून समोर ठेवा.

आता पेटी किंवा मोबाइलवरचा कीबोर्ड घ्या आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. तानपुऱ्याचं ॲप काळी तीनला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला लावा, तोच आपला सा, आणि पहिली तार पंचमात, म्हणजे प वर. झाला भूप राग, सा रे ग प ध, आपोआप. यात अंगाईसारखी छोटीशी चाल बांधा, गंधारावर, म्हणजे ग वर रेंगाळणारी आणि ग रे सा करत घरी येणारी. अवघड काही नको, चार वर्षांच्या पोराला गुणगुणता आली पाहिजे. ठेका दादरा, सहा मात्रा, पाळणा हलवल्यासारखा.

खरी गंमत इथे आहे. चाल तीच ठेवा, बोटं त्याच पट्ट्यांवर, फक्त तानपुरा काळी पाचला न्या आणि पहिली तार मध्यमात, म्हणजे म वर लावा. भुपाचा गंधार आता सा झाला आणि तुम्ही मालकंस राग वाजवताय! सूर तेच ठेवून सा बदलायचा, यालाच मूर्च्छना म्हणतात. मघाशी घरी आणणारं ग रे सा आता सा नि ध होऊन मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात उतरतं, कोमल निषाद, कोमल धैवत, जसं काही कोणी अंधारात जिना उतरतंय. एकही सूर बदललेला नाही, आणि तरी मला पहिल्यांदा ऐकताना काटा आला होता. भुपाचा वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा सूर गंधार, म्हणजे चिऊ ज्या सुरावर सगळ्यात जास्त जीव लावते तोच काळोखाचा पाया होतो, आपल्या कागदावरचं वाक्य अगदी हेच सांगत होतं ना? शिवाय भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि मालकंस तिसऱ्या प्रहराचा, म्हणजे काऊ किती वेळ दारात उभा आहे तेही न सांगता कळतं.

लय फार ओढू नका आणि आवाज अजिबात चढवू नका, चिऊ शेवटपर्यंत हळूच बोलली पाहिजे. भीती घालायला ढॅण ढॅण असलं काही टाकलंत तर सगळं गेलं. फक्त दाराची टकटक हवी, ती मी पेटीच्या लाकडावर बोटांनी वाजवून रेकॉर्ड केली आणि दादऱ्याच्या चौथ्या मात्रेवर, म्हणजे जिला 'खाली' म्हणतात त्या मात्रेवर बसवली. दर कडव्याला ती थोडी हळू करत न्या, काऊ दमतोय. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर तबला सोडून दिलात तर पाळणा हलायचा थांबल्यासारखा वाटतो, पण ते एकदाच करा.

ज्यांचा कान तयार आहे त्यांनी सा न हलवताही बघा, भुपाचेच सूर घेऊन वजन गंधारावरून धैवतावर, म्हणजे ध वर नेलं की देशकार राग होतो. काळोख नाही येत त्यात, पण माणूस बदलल्यासारखा नक्की वाटतो.

शेवटच्या कडव्याला तानपुरा परत काळी तीनला आणा, तीच अंगाई परत भुपात. फक्त यावेळी सा वर येऊ नका, गंधारावर थांबा आणि टकटक बंद करा.