टर्बो इंजिन बांधल्यावर ऑइल गळतंय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

इंजिन नव्यानं बांधलं, पहिल्याच चावीला सुरू झालं, सगळे खूश. दोन दिवसांनी गाडीखाली डाग दिसतो आणि लगेच निकाल लागतो, "मागचं क्रँक सील (गिअरबॉक्सच्या आड, क्रँकशाफ्टच्या टोकाभोवती ऑइल अडवणारी कडी) गेलं." की निघाला गिअरबॉक्स खाली! असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, इंजिन धुतलंत का? उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येतं.

न धुता शोधाशोध करणं

ऑइल खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्यानं मागं ढकललं जातं. म्हणून जिथे थेंब टपकतो तिथेच गळती असेल असं नाही. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून निघालेलं ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिनला जोडलेल्या गिअरबॉक्सच्या पुढच्या घराच्या, सांध्यातून टपकतं आणि हुबेहूब क्रँक सीलची गळती वाटते. आधी डिग्रीझरनं धुवा, नीट वाळवा, संशय असलेल्या सांध्यांवर टाल्कम पावडर मारा आणि ओली झालेली सगळ्यात वरची जागा शोधा. नवं ऑइल इतकं स्वच्छ असतं की नुसत्या डोळ्यांना चकवतं. मी यूव्ही डाय टाकतो आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारतो. बेलहाउसिंगखालचा थेंब हुंगूनही पाहतो, कारण बऱ्याच गिअर ऑइलना गंधकाचा उग्र वास असतो आणि गळणारं ऑइल इंजिनचं नसेलही. मात्र ऑइल टर्बोच्या गरम भागावर किंवा एक्झॉस्टवर पडत असेल तर चाचणीसाठीसुद्धा गाडी चालवू नका. आग लागते.

सीलला शिव्या, दाबाकडे दुर्लक्ष

ही माझी खास चिडायची जागा. ओळखीतल्या एकांची टर्बो पेट्रोल गाडी होती. मागचं सील दोनदा बदललेलं, दोन्ही वेळा गिअरबॉक्स उतरवून, आणि तिसऱ्यांदा उतरवायची तयारी झालेली. सील चांगल्या प्रतीचं होतं, बसवलेलंही सरळ. इंजिन धुऊन आयडलला बराच वेळ चालू ठेवलं, खाली एक थेंब नाही. मग चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबून पळवली आणि परत येऊन बॉनेट उघडलं. डिपस्टिक आपल्या जागेवरून बोटभर वर आली होती आणि नळीच्या तोंडाभोवती ऑइलचे शिंतोडे उडाले होते. गिअरबॉक्सला हात लावायची गरजच उरली नाही.

दोष पीसीव्ही व्हॉल्व्हचा होता. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम असतो तेव्हा हा व्हॉल्व्ह क्रँककेसमधली, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या खालच्या पोकळीतली, वाफ ओढू देतो. बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आला की त्यानं बंद व्हायला हवं. इथे जुनाच व्हॉल्व्ह परत चढवलेला आणि तो दोन्ही बाजूंनी आरपार उघडा. म्हणजे टर्बोची हवा सरळ क्रँककेसमध्ये घुसत होती आणि मिळेल त्या वाटेनं ऑइल बाहेर ढकलत होती. व्हॉल्व्ह बदलला, सील तेच ठेवलं, गळती थांबली. पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंगं नवी आणि हा एवढासा प्लास्टिकचा तुकडा मात्र जुना! असली काटकसर कोण शिकवतं, देव जाणे.

हा व्हॉल्व्ह मी काढून दोन्ही बाजूंनी फुंकून पाहतो. क्रँककेसच्या बाजूनं हवा गेली पाहिजे, मॅनिफोल्डच्या बाजूनं अडली पाहिजे. क्रँककेसची वाफ नेणारा ब्रीदर पाइप आतून सोललेला किंवा दबलेला नाही ना, हेही बघतो. नव्या रिंगा बसेपर्यंत थोडं बॅक कॉम्प्रेशन (रिंगांवरून क्रँककेसमध्ये निसटणारा वायू) राहणारच, पण ऑइल भरायच्या तोंडातून धुराचे लोट येत असतील तर सीलचा नाद सोडा आणि लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती किती आणि कुठून निसटते ते बघा.

टर्बो 'गेला' म्हणून नवा मागवणं

टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि परतीची वाट मोकळी असेल तरच ऑइल आत राहतं. ही परतीची नळी फक्त उतारावर चालते. ती रुंद हवी, कुठेही झोल नको, उभ्या रेषेपासून कललीच तर ३५ अंशांच्या आत, आणि चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी. नळी मुडपली किंवा क्रँककेसमध्ये दाब वाढला की ऑइल टर्बाइनकडे जातं आणि निळा धूर सुरू होतो. जुन्या टर्बोनं इंटरकूलरमध्ये ओकलेलं ऑइल साफ केलं नसेल तर नवा टर्बोही काही काळ धूर काढेल, त्यात त्याचा दोष नाही.

सिलिकॉनची ट्यूब रिकामी करणं

"जरा जास्त लावलं, म्हणजे काळजी नको." हे वाक्य ऐकलं की मी चेंबर उघडायचीच तयारी करतो. जितकं बाहेर फुगलेलं दिसतं तितकंच आतही फुगलेलं असतं. ते सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. गळती राहिली बाजूला, बेअरिंगंच जळतात. टर्बोच्या ऑइल नळ्यांच्या फ्लँजवर तर सिलिकॉन लावूच नका, तिथे गॅस्केटच हवं. बाकी ठिकाणी दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरनं पुसून कोरड्या करा, बारीक सलग रेघ ओढा, आणि ट्यूबवर २४ तास लिहिले असतील तर २४ तास थांबा. इंजिन बांधायला आठवडे घालवणाऱ्या माणसाला ही एक रात्र का जड जाते?

बारीकसारीक, पण रोजचं

बँजो बोल्टचे (ऑइलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घाला.

चेंबरचे बोल्ट ताकदीनं आवळले की पत्रा भोकांपाशी वाकतो आणि मधून गळतो. ठरलेल्या जोरानंच आवळणारा टॉर्क रेंच वापरा.

पीटीएफई (टेफ्लॉन) सील कोरडंच बसवायचं, रबरी सीलच्या ओठाला मात्र ऑइल लावायचं. सवयीनं दोन्हींना ऑइल फासणारे पुष्कळ आहेत.

जुन्या सीलनं क्रँकवर चर पाडला असेल तर नवं सील त्याच चरावर बसवू नका.

ऑइल खुणेच्या वर भरू नका.

आणि जुन्या फिल्टरचं रबर कधीकधी ब्लॉकलाच चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर चढतो आणि इंजिन सुरू होताच खाली ऑइलचं तळं. जुना फिल्टर फेकण्याआधी उलटा करून त्याचं रबर त्यालाच आहे ना, एवढं बघा.