चेंबूरची वाढ कशी शोधावी: १९४५ ते १९६५

चेंबूरसारखे उपनगर कसे वाढले, हे शोधायचे असेल तर आधी ग्रंथालय गाठू नये. गृहनिर्माण संस्थेच्या फाटकापाशी उभे राहावे. फलकावरील नोंदणी क्रमांकाच्या शेवटी बहुधा वर्ष असते. इमारत पुनर्विकासात पाडली गेली तरी संस्था तीच राहते, त्यामुळे वीस मजली टॉवरच्या नव्याकोऱ्या पाटीवरही १९५८ सारखे वर्ष सापडू शकते. अशी वर्षे गल्लीनिहाय वहीत उतरवून घ्यावीत.

मग ती वर्षे ठळक घटनांशी ताडून पाहावीत. फाळणीनंतर येथे निर्वासितांची छावणी वसली; १९४८ मध्ये मुंबई गृहनिर्माण मंडळाचा कायदा झाला आणि पुढे टिळकनगर, सुभाषनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या; १९५० मध्ये उपनगरे महापालिकेच्या हद्दीत आली; १९५४-५५ मध्ये माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने आणि तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) अणुऊर्जेचे केंद्र सुरू झाले. माझ्या मते चेंबूरचा कायापालट समजण्यासाठी निवारा आणि रोजगार हे दोन धागे एकत्रच धरले पाहिजेत, कारण एकट्या निर्वासितांच्या किंवा एकट्या कारखान्यांच्या हकिगतीतून हे उपनगर उलगडत नाही.

जमिनीचा पूर्वेतिहास मात्र पाटीवर मिळत नाही. त्यासाठी भूखंडाचा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक घेऊन नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी आणि धारकांची नावे कशी बदलत गेली, ते क्रमाने वाचावे.

सर्वांत मोलाचा भाग जुन्या रहिवाशांशी बोलण्याचा आहे, आणि त्याला उशीर करून चालणार नाही, कारण ती पिढी आता नव्वदीकडे झुकली आहे. ‘तुम्ही कधी राहायला आलात?’ असे विचारल्यास नुसता आकडा हाती येतो. त्याऐवजी ‘आजी, पाणी कुठून भरत होता? स्टेशनावरून घरी येताना वाटेत काय लागायचे?’ असे विचारावे. मग विहीर, भातखाचर, चिखलाची वाट आणि पहिला नळ ही सारी क्रमाने बाहेर येतात. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे आणि सांगितलेली जागा त्याच दिवशी नकाशावर खुणेने दाखवावी.

यानंतर काळा घोड्याजवळील राज्य पुराभिलेखागारात जावे आणि १९५१ व १९६१ च्या जनगणना पुस्तिकाही पाहाव्यात. त्या दहा वर्षांत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ३० लाखांवरून साडेएक्केचाळीस लाखांवर गेली. त्यातील आपल्या विभागाचा आकडा वेगळा काढून वहीतील वर्षांशेजारी लिहावा.