मेंदूच्या शिरेत गुठळी झालेल्या पेशंटचं खाणंपिणं: घरच्यांनी काय बघायचं

वहिनीला बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी डोकं इतकं दुखलं की तिला उजेड सहन होईना, संध्याकाळी फिट आली आणि एमआरआयमध्ये कळलं की मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झालीय. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं हे आमच्या घरी अगदी कटाक्षाने पाळलं होतं, त्यात हिमोग्लोबिन आधीच कमी. बाळंतपणानंतर रक्त तसंही लवकर गोठतं, वर अंगातलं पाणी कमी झालं की आणखीच. तर पहिलं हे की बाळंतिणीला पाणी तोडू नका.

वॉर्डात गेल्यावर आधी गिळण्याची तपासणी करून घ्या, पेशंट शुद्धीवर दिसला म्हणून लगेच चहा पाजू नका. सिस्टर पेशंटला ताठ बसवून चमचाभर पाणी देऊन बघतात, ठसका लागतोय का, आवाज घोगरा येतोय का. वहिनीला पाण्याने ठसका लागायचा पण नाचणीची दाट आंबील नीट जायची, कारण पातळ पदार्थच घशात जास्त फसवतो. नाकातून नळी असेल तर फीड देताना डोकं उंच हवं आणि नंतरही अर्धा तास आडवं करू नका.

सलाईन चालू आहे म्हणजे पोटात जातंय असं समजू नका हं! साध्या सलाईनमध्ये कॅलरी शून्य. दोन-तीन दिवस तेवढ्यावरच निघाले तर फीड कधी सुरू करणार ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि बरेच दिवस उपाशी असेल तर एकदम भरपूर नको, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस बघत बघत वाढवतात. गेल्या काही महिन्यांत वजन किती उतरलं, साडीचा ब्लाउज सैल झालाय का, हे आपणच सांगायचं, ते केसपेपरवर नसतं. अंगावर सूज असेल तर वजनकाटाही फसवतो.

बी12 आणि होमोसिस्टीन (रक्तातला एक घटक) तपासलंय का तेही विचारा, शाकाहारी घरात तर नक्कीच. बी12 कमी पडलं की होमोसिस्टीन वाढतं आणि त्याने गुठळीचा धोका वाढतो. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको, लिंबूपाणी चालेल.

घरी आल्यावर रक्त पातळ करायची गोळी कुठली ते बघा. वॉरफरिन किंवा एसिट्रोम असेल तर मेथी, पालक, शेपू यातलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं. म्हणून भाजी बंद करायची नाही, रोज साधारण सारखीच खायची. आमच्याकडे आजीने आठवडाभर रोज दोन वेळा मेथी केली आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, जो बहुतेकदा 2 ते 3 मध्ये ठेवतात, तो 1.4 वर आला. काढे आणि कुणी सांगितलेली चूर्णं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. डिंकाचा लाडू मात्र चालेल म्हणाले, वहिनी त्यावरच खूश.