सुर्बारानच्या ‘संत सेरापिओन’ची प्रतिकृती : पांढरा झगा कसा रंगवावा

स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को दे सुर्बारान याने १६२८ मध्ये सेव्हिल येथील मर्सिडेरियन या ख्रिस्ती साधुसंघाच्या मठासाठी रंगवलेले ‘संत सेरापिओन’ हे त्या संघातील हुतात्म्याचे चित्र आज अमेरिकेत हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात आहे. मूळ चित्र सुमारे १२० बाय १०४ सेंटिमीटरचे असल्यामुळे ६० बाय ५२ सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर त्याची प्रमाणशीर तैलप्रतिकृती करता येते.

कॅनव्हासला तपकिरी रंगाचे पातळ अस्तर द्यावे, चौकटी आखून रेखाटन उतरवावे आणि पार्श्वभूमी जवळजवळ काळी रंगवून घ्यावी.

खरी कसोटी झग्याची आहे. बंदिवानांच्या सुटकेसाठी प्रसंगी स्वतः ओलीस राहण्याचे व्रत घेणाऱ्या या संघाचे साधू पांढराच झगा घालत, आणि हे चित्र ज्या दालनासाठी होते तेथे दफनापूर्वी साधूंचे पार्थिव ठेवले जाई. तेच कापड रोज अंगावर वागवणारे लोक हे चित्र पाहणार होते. सुर्बारानने रक्ताचा ओघळ न दाखवता मृत्यूचा सगळा भार त्या कापडावर सोपवला. म्हणून कापड फसले की चित्रच फसते.

पांढऱ्यात काळा मिसळला की सावली होते, हा सल्ला मुळीच मानू नये. आयव्हरी ब्लॅक पांढऱ्यात मिसळल्यावर निळसर राखाडी छटा येते, आणि त्या छटेमुळे माझ्या पहिल्या दोन प्रतिकृतींतील झगा चुन्याच्या भिंतीसारखा थंड व निर्जीव झाला होता. सावलीसाठी पांढऱ्यात रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळावा; काळा केवळ सर्वांत खोल घड्यांसाठी राखावा. याहून घातक चूक म्हणजे ट्यूबमधील निव्वळ पांढरा पहिल्याच दिवशी वापरणे. उजेडातील कापडसुद्धा शुद्ध पांढऱ्यापेक्षा दोन पायऱ्या गडद ठेवावे, नाहीतर घडीच्या माथ्यावरील प्रकाश दाखवायला हाताशी काहीच उरत नाही. तो शुद्ध पांढरा मी शेवटच्या बैठकीत, मोजक्या ठिकाणी आणि जाडसर लावतो.

छातीपासून सुरुवात करून एकेक घडी उतरवत जाऊ नये. संताचे हात दोरांनी बांधून वर ताणलेले आहेत आणि देह खाली लोंबतो आहे, त्यामुळे कापडाचा ताण बाह्यांपासून सुरू होऊन खाली उतरतो. डोळे बारीक करून आधी उजेड, मध्यछटा आणि सावली असे तीनच मोठे भाग मांडावेत व ते वाळल्यावरच घड्यांकडे वळावे. घडीची एक कड धारदार राहिली पाहिजे आणि दुसरी सावलीत विरली पाहिजे. मऊ ब्रशने दोन्ही कडा सारख्याच पुसल्या, तर जाड कापडाऐवजी धूर दिसतो.

कललेला चेहरा झग्याहून गडद ठेवावा. छातीवरील लाल-सोनेरी ढालचिन्ह आणि उजवीकडे टाचलेली, संताचे नाव व चित्रकाराची सही असलेली कागदाची चिठ्ठी सर्वांत शेवटी रंगवावी. वॉर्निशची घाई करू नये. जाड थरांसाठी किमान सहा महिने थांबावे.