चित्रअभ्यासाला मोबाइल नेताना या चुका टाळा

बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला विद्यार्थ्यांना निसर्गचित्रणासाठी नेले की एक तक्रार दर वर्षी येते: समोर गेरूसारखी तांबूस दिसणारी जांभ्याची भिंत फोटोत फिकट, करड्या रंगाची होते, आणि वर्गात परतल्यावर विद्यार्थी फोटो पाहून रंगवतात तेव्हा तोच करडेपणा कागदावर उतरतो. दोष ऑटो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे प्रकाशानुसार रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीचा असतो. चौकटभर एकच रंग पसरला की तो तांबूसपणा दगडाचा नसून प्रकाशाचा आहे असे समजून कॅमेरा तो कमी करतो. कॅमेऱ्यात प्रो मोड (सेटिंग हाताने बदलण्याची सोय) असल्यास व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या, आसपास स्थिर ठेवावा. नसल्यास भिंतीला लावून पांढरा कागद धरावा आणि एक फोटो त्यासह घ्यावा, म्हणजे नंतर त्यावरून रंग जुळवता येतात. मात्र जागेवरच जलरंग मिसळून, दगडाशेजारी धरून जुळवलेला बोटभर पट्टा मला कोणत्याही फोटोपेक्षा भरवशाचा वाटतो, म्हणून तो झाल्याशिवाय मी फोन बाहेर काढू देत नाही.

बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती (जैन मंदिर) १२०४ सालची आहे. तिच्या मुखमंडपाच्या छतातून खाली झुकलेले बहात्तर पाकळ्यांचे कमळ टिपताना विद्यार्थी मान वाकवून फोन तिरका धरतात. मग जवळच्या पाकळ्या मोठ्या आणि पलीकडच्या आखूड येतात, शिवाय बाहेरचा उजेड चौकटीत शिरल्याने कोरीव काम काळे पडते. त्याऐवजी फोन कमळाच्या बरोबर मध्याखाली फरशीवर उताणा ठेवावा, सेल्फी कॅमेऱ्यात कमळावर बोट दाबून धरून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक करावे, दहा सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हावे. ट्रायपॉड न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीच घ्यावी.

भर उन्हात पडदा नीट दिसत नाही, त्यामुळे फोटो बरा आला की नाही हे सावलीत जाऊनच ठरवावे.

जांबोटी, कणकुंबीकडे अनेक ठिकाणी रेंज मिळत नाही, म्हणून नकाशे घरूनच डाउनलोड करून ठेवावेत. परतल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर साधे फोटो पाठवल्यास ते आकसतात आणि त्यांतील ठिकाणाची माहितीही गळते. म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत, आणि फाइलच्या नावात गाव, दिशा व वेळ लिहावी, उदाहरणार्थ ‘हलशी-पूर्व-सकाळी ८’.