ड्रग्जची केस झाली म्हणून फाफ्सा सोडू नका, खरी गोची टॅक्समध्ये आहे

अमेरिकेत पोरगं गांजाच्या केसमध्ये सापडलं की आपल्या लोकांत कोणीतरी हमखास सांगतं, "आता कॉलेजची सरकारी मदत विसरा." अहो, जुनं झालं ते! 1998 च्या कायद्यात होतं तसं, पण 2020 च्या डिसेंबरात कायदा बदलला आणि 2023-24 च्या फाफ्सातून, म्हणजे या मदतीच्या अर्जातून, ड्रग्जचा प्रश्नच गेला. हा सल्ला ऐकून पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) घालवलेली घरं बघितलीत मी, डोकं फिरतं.

तर आधी फाफ्सा भरा. मुलाचं लॉगिन वेगळं, आईबापाचं वेगळं, दोघांची संमती, झालं. सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वाल्याला मात्र केस नसली तरी फेडरल मदत नाही. फॉर्मवर ड्रग्जचा होल्ड (मदत अडकल्याची खूण) आलाच तर बघा जजने 1988 च्या दुसऱ्या एका कायद्याखाली फेडरल बेनिफिट्स बंद केलेत का, पण हे क्वचित. राज्याच्या आणि कॉलेजच्या स्वतःच्या मदतीचे नियम वेगळे असू शकतात, ते एड ऑफिसला विचारा.

आता टॅक्स. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट, म्हणजे कॉलेजच्या खर्चावरची टॅक्स सवलत, वर्षाला 2,500 डॉलरपर्यंत. इथे ड्रग्जची अट अजून आहे, फॉर्म 8863 वर सरळ विचारतात की ड्रग्जच्या फेलनीत (गंभीर गुन्ह्यात) दोषी ठरलाय का. मी एकदा इथेच माती खाल्ली. ओळखीच्या मुलाच्या अटकेच्या कागदावर फेलनी लिहिलेलं बघितलं आणि ठोकून "हो" भरलं, नशीब पाठवायच्या आधी त्याच्या आईने कोर्टाचा कागद पुढे केला, त्यात खाली डिस्पोझिशनच्या (अंतिम निकालाच्या) रकान्यात मिस्डिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हा! वकिलाने तडजोडीत खाली आणलं होतं. मिस्डिमीनरला क्रेडिट मिळतं, फेलनीलाच नाही. म्हणून अटकेचा कागद बघूच नका, पोराच्या आठवणीवरही जाऊ नका, त्याला धड काही आठवत नसतं. कोर्टाच्या क्लार्ककडून शेवटच्या निकालाची कॉपी आणा आणि तो एकच रकाना वाचा.

आणि खरंच फेलनी असेल तर खोटं भरू नका. लाइफटाइम लर्निंग क्रेडिट घ्या, त्याला ड्रग्जची अट नाही, 2,000 पर्यंत टॅक्स कमी होतो, फक्त रिफंड म्हणून हातात काही पडत नाही.