नखाच्या बुरशीवर तेल चोळताय? मग या चुका टाळा

मी डॉक्टर नाही. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बुरशी झाली होती, सोळा महिने तिच्या मागे लागलो आणि आता नख नीट आलंय, एवढीच माझी पात्रता. पण नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत तेवढी पुरते. लिफ्टमध्ये लोक चप्पल काढून अंगठा दाखवतात. नवीन चूक कोणी करून येत नाही, याचंच दुःख आहे.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे तेल जितकं जहाल तितका गुण लवकर, हा समज. ही मी स्वतः केलेली. जुलै महिना, वंदना सिनेमाजवळ नेहमीप्रमाणे पाणी तुंबलेलं. त्यातून स्टेशन गाठायचं आणि तेच ओले बूट संध्याकाळपर्यंत पायात, असा महिना काढला होता. नख पिवळं, जाड, कडेला भुगा. टी ट्री तेल (चहाचं नव्हे, एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं) आठवडाभर लावलं, काही दिसेना. मग जांभळी नाक्यावरून लवंगेचं तेल आणलं. दाढ दुखली की आई कापसाच्या बोळ्यावर लावायची तेच. दाढेला चालतं, तर नखाला काय होतंय! सात-आठ थेंब ओतले, वर कापूस, वर चिकटपट्टी, वर मोजा, आणि झोपलो.

पहाटे अडीचला अंगठा ठणकून जाग आली. मोजा काढला तर नखाच्या मुळाशी कातडी लालबुंद आणि बाजूला टपोरा फोड. नख मात्र होतं तस्सं पिवळं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि विचारलं, “गॅसवर धरला होतात का?” दहा दिवस बूट घालता आला नाही, चपलेवर ऑफिस केलं.

गंमत अशी की नख हे कवच आहे. वरून ओतलेलं तेल त्यात फारसं मुरत नाही, ते कडेने ओघळतं आणि कातडीवर बसतं. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, ओरेगॅनोतलं कार्व्हॅक्रॉल बुरशीला मारतात हे खरं, पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत. बशीला कातडी नसते. त्यामुळे ही तीन तेलं मी घरात ठेवतच नाही. टी ट्री तेवढं वापरतो, तेही निम्मं खोबरेल घालून, आणि आधी दंडाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस खाज येते का ते बघून. अंघोळीनंतर नख मऊ असतं, तेव्हा कानशीने वरचा जाड थर घासायचा, पाय खडखडीत कोरडा करायचा आणि कापसाच्या काडीने तेल नखाच्या टोकाखाली शिरवायचं. सकाळ-संध्याकाळ. कानस फक्त त्या एका नखाची. घरातल्या दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. खरं काम कानशीचंच आहे, पण कानस घासायला वेळ लागतो, म्हणून लोकांना तेलाचं कौतुक जास्त.

दुसरी चूक घाई. माझा मेहुणा कळव्याला राहतो. त्याने तिसऱ्या आठवड्यात फोन केला, “भाऊजी, तुमचं तेल बोगस आहे. पिवळं ते पिवळंच.” अरे बाबा, पिवळं झालेलं नख पुन्हा पांढरं होतच नाही! मागून चांगलं नख येतं आणि खराब भाग पुढे सरकतो, तो कापून टाकायचा. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, अंगठ्याचं पूर्ण बदलायला 12 ते 18 महिने लागतात. हा रोज टोकाकडे बघत बसला होता, बघायचं असतं मुळाशी. तरी ऐकेल तर शपथ. तीन आठवडे टी ट्री, मग व्हिनेगर, मग कडुनिंबाचं तेल, मग कोणीतरी सांगितलं म्हणून व्हिक्स. मी दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच फरशीवर, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढायचो. डोळ्यांना फरक दिसत नाही, नाण्याला दिसतो.

तेलाची बाजू घेतोय असं नको वाटायला. 1994 साली अमेरिकेत 117 जणांवर प्रयोग झाला होता: निव्वळ टी ट्री तेल दिवसातून दोनदा, सहा महिने. तपासणीत बुरशी गेलेली निघाली 18 टक्के लोकांची; एक टक्का क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं औषध लावणाऱ्यांत 11 टक्के. म्हणजे इमानेइतबारे लावूनही पाचातल्या चौघांची राहिलीच. सहा महिन्यांत मुळाशी स्वच्छ पट्टी दिसली नाही, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. अमोरोल्फिनचं नखाला लावायचं औषध असतं, टर्बिनाफिनच्या गोळ्या असतात. गोळ्या साधारण 12 आठवडे, आणि लिव्हरची तपासणी करून. केमिस्टला विचारून परस्पर सुरू करू नका.

मधुमेह असेल, तर हे सगळं विसरा आणि पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बुरशी आहे हे नक्की करा. एक मित्र वर्षा मॅरेथॉन धावून आला आणि काळ्या पडलेल्या नखावर दोन महिने तेल जिरवत बसला. बुटाचा मार होता तो! सोरायसिसचं नखही बुरशीसारखंच दिसतं. नखाचा भुगा तपासायला द्या, साधी तपासणी आहे.

बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील, तर आधी त्या बऱ्या करा. बुरशी बहुतेकदा तिथूनच नखात येते.

ओले बूट दुसऱ्या दिवशी घालू नका, दोन जोड आलटून पालटून वापरा. झाकायला नेलपॉलिश नको.

बाटली खिडकीत ठेवू नका. हवा आणि उजेड लागलेलं जुनं टी ट्री तेल कातडीला जास्त चावतं. घरात मांजर असेल तर तेल लावलेला पाय तिला चाटू देऊ नका, तिला ते विषारी आहे.

मेहुण्याने अखेर कानस घेतली. गेल्या महिन्यात नाण्यासकट फोटो आला. मुळाशी तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी गुलाबी पट्टी. खाली लिहिलं होतं, “भाऊजी, आता बंद करू ना?”